वल्हांडण म्हणजे काय?

तुंगार्लीच्या आपल्या गटातल्या एका ताईंनी विचारलं, "आमच्या बायबलात वल्हांडण सण आहे. हा शब्द कुठला?"

शब्द आपलाच आहे. वलांडणं म्हणजे ओलांडणं. मिसर देशात मृत्यू इस्राएली लोकांची घरं ओलांडून पुढे गेला, अशी कथा आहे. हिब्रूत त्या सणाला पेसह म्हणतात. 'हालेलुया' मात्र मूळ हिब्रूच राहिला: हालेलू म्हणजे स्तुती करा, याह हे देवाचं नाव. शब्बाथ म्हणजे काम थांबवणं. कोकणातले बेने इस्राएल तेल गाळायचे, पण शनिवारी घाणा बंद. म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. आपला घाणा कधी बंद असतो, ते विचारू नका!

आपल्याच जिल्ह्यात, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, पंडिता रमाबाईंनी याच अवघड शब्दांशी झुंज घेतली. संस्कृतच्या एवढ्या विदुषी, पण बायबल खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कळावं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, सगळं सोप्या मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या. ग्रंथ १९२४ साली निघाला. खिळे जुळवून छपाई करणाऱ्या तिथल्या बायकाच होत्या.

आपल्या कर्जाच्या कागदावरही असे शब्द असतात. 'नजरगहाण' घ्या: शिलाई मशीन आपल्या घरी, पण कर्ज फिटेपर्यंत त्यावर हक्क बँकेचा. येत्या बैठकीला कागद घेऊन या. न कळलेल्या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारा. सही त्यानंतर.