इथे न पडलेला पाऊस



2019 च्या मे महिन्यात मी मुलाकडे ऑस्ट्रेलियात होतो. वाळवंटातल्या कच्च्या रस्त्याने आम्ही विल्यम क्रीकला गेलो आणि तिथून छोट्या विमानातून आयर सरोवर पाहिलं. समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 15 मीटर खाली असलेलं हे तळं एरवी म्हणजे नुसतं पांढरं मीठ. त्या वर्षी मात्र पाणी चमकत होतं!

पायलटला विचारलं, "पाऊस कधी झाला?" तो म्हणाला, "इथे झालाच नाही. तिकडे क्वीन्सलँडमध्ये झाला." शेकडो किलोमीटर नद्यांतून वाहत ते पाणी आलं होतं.

संध्याकाळी घरून फोन आला, "आज टँकर नाही, बोअर आटलंय." तो दुष्काळाचा उन्हाळा आपण वाटूरकर विसरलेलो नाही.

मंडळी, आपल्या बोअरचं पाणीसुद्धा आधी कुठंतरी जिरलेलंच असतं. पार्किंगसाठी सगळ्या आवारात फरशी टाकायचं चाललंय. माझी हात जोडून विनंती आहे, एक कोपरा मातीचा ठेवा, गच्चीचं पाणी तिथल्या शोषखड्ड्यात सोडा. पंचविशी आपण साजरी केली. पन्नाशीला नातवंडांना पाणी मिळू द्या.