सतरंजी कोणाच्या हाती?



शाळा मला फारशी लाभली नाही. भांडुपच्या कारखान्यांच्या फाटकांवर जे शिकलो, तेच सांगतो.

मुंबईच्या कापडगिरण्यांत एके काळी विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. त्याला विटाळ होईल, हे कारण. अधिक मजुरी मात्र त्याच खात्यात! मागाला हातच लावू दिला नाही, तर विणकाम येणार कसे? १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढेच मांडला. कारण वाट अडवणारे केवळ मालक नव्हते. सोबतचे कामगारही होते.

दुसऱ्यांना नावे ठेवणे सोपे. माझीच चूक सांगतो. आमच्या युनियनमध्ये एक कंत्राटी कामगार होता. सभेची सतरंजी तोच घालायचा. त्याला बोलता येईल, असे मला कधी वाटलेच नाही. तोही मान खाली घालून मागे बसे. एकदा वक्ता आला नाही, म्हणून नाइलाजाने त्याला उभे केले. दोन वाक्ये अडखळला. मग पगारातली कपात त्याने अशी पैपैने उलगडली, की सभा स्तब्ध झाली.

"इतके दिवस बोलला का नाहीस?" मी विचारले.

"भाऊ, मग सतरंजी कोणी घातली असती?"

मित्रहो, अपेक्षा ही जादू नव्हे. ज्याच्याकडून आशा, त्याच्या हाती आपण हत्यार देतो. ज्याच्याकडून नाही, त्याच्या हाती सतरंजी. आणि पुढे दोघांची लायकी मोजतो! घरी, शाळेत, कारखान्यात आपण कोणाच्या हाती नुसती सतरंजी दिली आहे, एवढे आज घरी जाताना आठवून पाहा.