कष्टकऱ्यांच्या मुलांचा इंग्रजी शब्दसंग्रह



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि ती प्रथा हळूहळू आपल्या गावोगावी आली. या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे असा संकेत आहे. मी विद्वान नाही. गेली तीस वर्षे मी कामगारांच्या संघटनेचे काम करतो आहे. इंग्रजी मी महाविद्यालयात शिकलो नाही. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि एक जुना शब्दकोश यांच्या आधाराने, रात्री संघटनेच्या कचेरीत बसून शिकलो. तेव्हा 'माध्यमिक शाळेतील मुलांचा इंग्रजी शब्दसंग्रह' या विषयावर या माणसाने काय बोलावे, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. माझे उत्तर सरळ आहे. शब्द न कळल्यामुळे माणसाचे काय नुकसान होते, हे शिक्षकाला परीक्षेच्या गुणांत दिसते. मला ते पगाराच्या पावतीत आणि बडतर्फीच्या पत्रात दिसत आले आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेऊ. राज्यकारभाराची भाषा एक आणि घरची भाषा दुसरी, हा अनुभव आपल्या बीड जिल्ह्याला नवा नाही. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. कचेरीची भाषा उर्दू होती, आणि १९१८ साली हैदराबादेत निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे उच्च शिक्षणही उर्दूतूनच चाले. आपल्या आजोबांपैकी पुष्कळांना सही येत नव्हती. पण अर्ज, फिर्याद, दरखास्त, वसूल, तगाई, मुकादम हे सारे शब्द त्यांना नेमके ठाऊक होते. शाळेत न जाता ते कसे आले? गरज होती म्हणून आले, आणि चावडीवर रोज कानांवर पडत होते म्हणून टिकले. 'मुकादम' हा मूळ अरबी शब्द, त्याचा अर्थ पुढे असलेला माणूस. आज ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम म्हटले की आपल्याला तो शब्द परका वाटतही नाही. म्हणजे खेड्यातल्या माणसाला परके शब्द पचत नाहीत ही समजूत खोटी आहे. त्याला शब्दाची गरज आणि शब्दाची सोबत, दोन्ही मिळाली पाहिजेत.

कष्टकऱ्यांच्या चळवळीने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. सावित्रीबाई फुले यांचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ साली निघाला. त्यात इंग्रजीला आई मानून तिचे गुण गाणारी कविता आहे. शूद्रातिशूद्रांनी ही भाषा शिकावी, असा त्यांचा आग्रह होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केले आणि त्यांच्या मागण्या सरकारपुढे मांडल्या. रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली. ज्या सरकारपुढे त्या मांडायच्या होत्या, त्याची भाषा इंग्रजी होती. स्वामी रामानंद तीर्थ आपल्या अंबाजोगाईच्या शाळेत मुख्याध्यापक होते हे सर्वांना ठाऊक आहे. त्याआधी त्यांनी कामगारपुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम केले होते, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. शाळा आणि कामगार चळवळ ही दोन दूरची घरे नाहीत. डॉ. आंबेडकरांनी तर १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते सांभाळले आणि १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालयही उभे केले. मराठवाड्यातील कितीतरी गरीब घरांतला पहिला पदवीधर त्याच महाविद्यालयातून बाहेर पडला.

आता आजच्या मुलाकडे येऊ. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी शिकवले जाते. म्हणजे दहावीचा मुलगा दहा वर्षे इंग्रजी शिकलेला असतो. तरी काय होते? जिल्हा परिषदेच्या किंवा खेड्यातल्या संस्थेच्या मराठी शाळेतून तो चांगल्या गुणांनी दहावी होतो आणि अकरावीला विज्ञान घेतो. तेथे पुस्तक इंग्रजी. कालपर्यंत जे 'प्रकाशसंश्लेषण' होते ते एका रात्रीत 'फोटोसिंथेसिस' होते. 'त्वरण' गेले आणि 'ॲक्सिलरेशन' आले. मुलाला विषय समजत नाही असे नाही. विषयाच्या दाराला परके कुलूप लागलेले असते. पहिल्या चाचणीत तो मागे पडतो आणि स्वतःला मंद समजू लागतो. हुशार मुलाने स्वतःला मंद समजावे, याहून मोठे नुकसान कोणते?

घराच्या बाजूने पाहा. आमच्या संघटनेकडे एकदा एक कामगार आला. आई आजारी म्हणून तो अकरा दिवस घरी होता. परत गेल्यावर त्याच्या हातात एक पत्र पडले. त्यात 'अबँडनमेंट ऑफ सर्व्हिस' असे शब्द होते. त्याची मुलगी दहावीत होती, तिला वाचायला सांगितले. तिने प्रत्येक अक्षर बरोबर वाचले. अर्थ मात्र सांगता येईना, कारण हा शब्द तिच्या कोणत्याही धड्यात आला नव्हता. मी शब्दकोश तिच्या पुढे ठेवला. तिने पान काढले आणि म्हणाली, "काका, ह्याचा अर्थ टाकून देणे. पण बाबांनी नोकरी टाकली कुठं? ते तर आजीला दवाखान्यात घेऊन गेले होते." मंडळी, कायद्याचा सारा मुद्दा त्या मुलीने एका वाक्यात सांगितला. नोकरी सोडण्याचा हेतू असल्याशिवाय ती सोडली असे मानता येत नाही, असे न्यायालयांनी वेळोवेळी म्हटलेले आहे. आमचे उत्तर त्याच मुद्द्यावर गेले, तडजोडीची बैठक झाली आणि तो माणूस कामावर परतला. एक शब्द कळला आणि एक घर वाचले. मी अतिशयोक्ती करीत नाही.

आता प्रश्न असा की शब्द वाढवायचे कसे? बाजारात 'दहा हजार शब्द पाठ करा' अशी पुस्तके मिळतात. मुले आठ दिवस घोकतात आणि नवव्या दिवशी सोडून देतात. त्यात चूक मुलांची नाही, रीतीची आहे. मायकेल वेस्ट नावाचा इंग्रज शिक्षक बंगालमध्ये पुष्कळ वर्षे होता. त्याने १९५३ साली सुमारे दोन हजार अत्यंत उपयोगी इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साध्या इंग्रजी मजकुरातील शंभरांपैकी सुमारे ऐंशी शब्द या दोन हजारांतलेच असतात. पुढे २००० साली न्यूझीलंडमध्ये कॉक्सहेड या बाईंनी अभ्यासाच्या पुस्तकांत वारंवार येणारी ५७० शब्दकुळे निवडली. ती पाठ्यग्रंथांतील आणखी सुमारे दहा टक्के जागा व्यापतात. यातून शहाणपण असे निघते की पहिले दोन हजार पक्के करा, मग ही ५७० कुळे घ्या. दुर्मिळ आणि दिखाऊ शब्दांच्या मागे लागू नका. आठवी ते दहावी या तीन वर्षांत रोज चार शब्द, वर्षाचे दोनशे दिवस घेतले, तर चोवीसशे शब्द होतात. त्यातला तिसरा हिस्सा विसरला तरी सोळाशे उरतात. हा हिशेब कोणत्याही घराला परवडणारा आहे.

दुसरी गोष्ट, खिशात असलेल्या शब्दांपासून सुरुवात करा. आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचे पोर 'एफआरपी' हा शब्द रोज ऐकते. त्यातला 'आर' म्हणजे 'रेम्युनरेटिव्ह', केलेल्या कष्टांचा मोबदला देणारा. याच्या पोटात लॅटिनमधला 'म्युनस' हा शब्द आहे. त्याचा अर्थ कर्तव्य, सेवा किंवा देणगी. त्याच कुळातला शब्द म्हणजे 'म्युनिसिपालिटी', आपली नगरपालिका. 'कम्युनिटी' म्हणजे कर्तव्ये वाटून घेणारा समाज. आणि करोनाच्या साथीत घरोघर पोचलेला 'इम्युनिटी' हा मुळात कर्तव्यातून किंवा करातून मिळालेली सूट सांगणारा शब्द. एका उसाच्या भावावरून चार मोठे शब्द हाती आले! तसेच 'ट्रेंच' घ्या. ऊस लावायला आपण ट्रेंच काढतो, म्हणजे जमीन कापून चर पाडतो. 'रिट्रेंचमेंट' म्हणजे कामगारांची कपात. मूळ अर्थ तोच, कापणे. हा शब्द १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात आला आणि त्याने कित्येक घरांची झोप उडवली.

तिसरी गोष्ट म्हणजे शब्दांची घडण. कोणी म्हणेल, खेड्यातल्या मुलाला लॅटिन कसे समजणार? पण आपल्या मुलाला ही रीत जन्मापासून येते. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार, उपहार. धातू एकच, मागचा उपसर्ग बदलला की अर्थ बदलतो. इंग्रजीतही हेच घडते. 'पोर्ट' म्हणजे वाहून नेणे. बाहेर नेले तर एक्सपोर्ट, आत आणले तर इम्पोर्ट, एका जागेहून दुसऱ्या जागी नेले तर ट्रान्सपोर्ट, ओझे वाहणारा तो पोर्टर, देशाबाहेर घालवले तर डिपोर्ट. 'स्पेक्ट' म्हणजे पाहणे. आत डोकावून पाहणारा इन्स्पेक्टर, मागे वळून पाहणारा हुकूम रेट्रोस्पेक्टिव. मराठीचे व्याकरण चांगले शिकवले तर इंग्रजीचे अर्धे काम तेथेच होते. म्हणून मी शिक्षकांना विनंती करतो, इंग्रजीसाठी मराठीचा तास कापू नका.

चौथी गोष्ट उजळणीची. एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवले की शिकलेले पहिल्या एक-दोन दिवसांतच झपाट्याने विसरते, आणि थोड्या थोड्या अंतराने उजळणी केली तर ते टिकते. पुढे लाइटनर या लेखकाने पत्त्यांच्या पेटीची सोपी युक्ती सांगितली. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्याचे तुकडे करावेत. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ आणि एक वाक्य. पेटीला तीन खण करावेत. आला तो शब्द पुढच्या खणात, चुकला तो पहिल्या खणात परत. पहिला खण रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. वाक्य मात्र मुलाने स्वतः रचले पाहिजे आणि ते त्याच्या घरचे असले पाहिजे. कायद्यात 'शॅल' म्हटले की करावेच लागते, 'मे' म्हटले की करता येते. एवढा फरक ज्याने स्वतःच्या वाक्यात वापरला, त्याला पुढे करारनामा वाचताना कोणी सहज फसवू शकत नाही.

आता सर्वांत अवघड ठिकाणी येतो. दिवाळीच्या सुमाराला आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. उचल घेतलेली असते, नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो, आणि पोरे कोपीवर राहतात. पाच-सहा महिने शाळा बंद. पुठ्ठ्याची पेटी फडावर नेता येते हे खरे आहे, आणि नेलीच पाहिजे. पण पहाटे उठून जे पोर वाढे बांधते आणि धाकट्या भावंडाला सांभाळते, त्याला शब्द पाठ कर म्हणणे ही क्रूर थट्टा आहे. त्याला आधी वसतिगृह पाहिजे. गावातल्या हंगामी वसतिगृहांची सोय आहे, संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजनाही २०२१ मध्ये मंजूर झाली. ती वसतिगृहे टोळ्या निघण्यापूर्वी उघडली पाहिजेत, टोळ्या फडावर पोचल्यावर नव्हे. तेथे जेवण आणि अंथरूण जितके आवश्यक तितकाच शब्दकोश आणि दिवा आवश्यक आहे. ही मागणी मी कामगारांचा माणूस म्हणून करतो आहे.

एक आक्षेप मी ऐकत आलो आहे. इंग्रजीच्या नादाने मराठी मरेल. ज्या अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी आहे, जेथे दासोपंतांनी कापडाच्या पासोडीवर ग्रंथ लिहिला, त्या मातीतल्या माणसाला ही भीती वाटणे स्वाभाविक आहे. पण मराठी मरते ती इंग्रजी शिकल्याने नव्हे, मराठीतून विचार करणे सोडल्याने. ज्या मुलाला 'रेम्युनरेटिव्ह'ला 'किफायतशीर' हा शब्द सुचतो, त्याच्या दोन्ही भाषा जिवंत आहेत. मोल्सवर्थने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढला तेव्हा आपल्याच पंडितांनी त्याला शब्द गोळा करून दिले होते. परक्याने आपली भाषा इतक्या कष्टाने शिकावी, आणि आपण त्याची शिकताना कचरावे, हे बरे नव्हे.

शेवटी माझे मागणे लहान आहे. आपल्या गावात वाचनालय आहे. तेथे आठवड्यातून एक संध्याकाळ माध्यमिक शाळेच्या मुलांसाठी ठेवा. एक चांगला शब्दकोश, एक इंग्रजी वर्तमानपत्र, आणि शेजारी बसणारा एक मोठा माणूस. तो शिक्षकच असला पाहिजे असे नाही. निवृत्त कारकून चालेल, बँकेतली ताई चालेल, पोस्टमन चालेल. मुलांनी त्या आठवड्यात घरी आलेला एखादा इंग्रजी कागद आणावा, विजेचे बिल, विम्याचे पत्र, बँकेची नोटीस, आणि त्यातला प्रत्येक शब्द उलगडावा. आमच्या संघटनेची कचेरी दर बुधवारी या कामासाठी उघडी राहील, हे मी आज येथे सर्वांसमक्ष सांगतो. ज्याच्याकडे जादा शब्दकोश असेल त्याने तो आणून द्यावा.