साउंड कार्डाची निवड



साउंड कार्ड हा विषय दुकानदाराचा, व्याख्यानाचा नव्हे, असे कोणास वाटेल. परंतु पुष्कळांच्या कपाटात जुन्या कॅसेटी पडून आहेत. एखादीत आजीच्या ओव्या असतील, एखादीत वडिलांचे कीर्तन. त्या फिती जीर्ण होत चालल्या आहेत. ते आवाज घरच्या संगणकात उतरवून घ्यावयाचे तर कार्ड कोणते निवडावे व कसे बसवावे, एवढाच प्रश्न आज घेतो.

आवाज म्हणजे हवेतील लाट. संगणकाला कळतात ते केवळ आकडे. कार्ड हा या दोघांमधला दुभाषी होय. सीडीच्या प्रमाणानुसार तो सेकंदाला ४४,१०० वेळा लाटेची उंची मोजतो. इतक्या वेळा कशासाठी? माणसाचा कान सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो, आणि लाट पुरती पकडावयाची तर कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळा मोजावे लागते.

१९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर बाजारात आले, तेव्हा चांगल्या आवाजासाठी कार्ड वेगळे घ्यावेच लागे. पुढे ही सोय मदरबोर्डावरच येऊ लागली. तेव्हा नुसती गाणी ऐकावयाची असतील तर आहे त्यावर भागवावे. खर्चात पडू नये.

मात्र ध्वनिमुद्रण करावयाचे असेल तर विचार उलट दिशेने करावा. खोक्यावर ५.१, ७.१ असे आकडे मोठ्या अक्षरांत असतात. ते बाहेर जाणाऱ्या आवाजाचे, म्हणजे किती स्पीकर जोडता येतील याचे. आपल्याला हवा आत येणारा आवाज. म्हणून कार्डाला 'लाइन-इन' आहे काय आणि ते २४ बिटांत मुद्रण करते काय, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. जुन्या पीसीआय खाचा नव्या मदरबोर्डांवर सहसा नसतात. यास्तव पेटी उघडून पीसीआय एक्स्प्रेसची खाच मोकळी आहे ना, हे पाहूनच दुकानात जावे.

बसविण्याचे काम अवघड नाही. संगणक बंद करून वायर भिंतीतून काढावी. पेटीच्या उघड्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. ती कार्डाला घातक असते. मग कार्ड कडेने धरून खाचेत सरळ दाबावे आणि स्क्रू आवळावा. संगणक सुरू करून ड्रायव्हर घालावा व ध्वनीच्या मांडणीत नव्या कार्डाची निवड करावी.

आता खरी जोखीम. टेपरेकॉर्डरची वायर माइकच्या गुलाबी छिद्रात घालू नये. माइकचा प्रवाह अत्यंत क्षीण, म्हणून तेथे तो पुष्कळ वाढविला जातो. टेपचा जोरकस प्रवाह तेथे गेला की आवाज फाटतो. लाइन-इनचे छिद्र बहुधा फिकट निळे असते. पातळीही थोडी खालीच ठेवावी. हळू आलेला आवाज मागाहून वाढविता येतो, फाटलेला सांधता येत नाही.

जुनी फीत कदाचित एकदाच नीट वाजेल. म्हणून सारी तालीम एखाद्या बाजारू कॅसेटीवर करावी आणि मगच आजींच्या ओव्यांना हात घालावा. उतरविलेल्या आवाजाच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात, मूळ फीतही टाकू नये. कार्ड बिघडले तर दुसरे मिळते. तो आवाज मिळत नाही.