अलंकार ओळखा

(किशोरी गटांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



संयोजकांनी मला ‘किशोरींचा आत्माविष्कार’ असा भारदस्त विषय दिला आहे. मी बोलणार आहे ते यमकाबद्दल, उपमेबद्दल आणि अक्षरं मोजण्याबद्दल. हे मराठीच्या बाईंचं काम, संघटनेचं नाही, असं तुमच्यापैकी काहीजणींना वाटेल. वाटू दे. थोडा वेळ ऐका.

आपल्या प्रत्येकीच्या कार्यालयात एक फाइल असते. 3 जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला किंवा 8 मार्चला घेतलेल्या काव्यस्पर्धेच्या कविता त्यात असतात. मी अशा पुष्कळ स्पर्धांची परीक्षक होते. त्या कवितांमध्ये मुलगी कळी असते, आई सागर असते, बाप आकाश असतो आणि शेवटच्या कडव्यात ‘अबला नाही, सबला आहे’ येतं. लिहिणाऱ्या मुली तेरा ते सोळा वर्षांच्या. पण कुठली कविता कुणाची हे नाव झाकलं तर सांगता येत नाही. कुणाच्या घरात किती माणसं, कुणाला कशाचा राग येतो, कुणाला कशाचं हसू येतं, काही कळत नाही. ही भाषा त्यांची नाही. आपली आहे. आपल्या शिबिरांतून, गाण्यांतून, पोस्टरवरून त्यांनी ती उचलली आणि आपल्यालाच परत दिली. आपण तिला बक्षीस दिलं.

गाण्यांना मी नावं ठेवत नाही. ‘मुलगी झाली हो’ हे नाटक 1983 सालचं, त्यातून आणि नंतरच्या पथनाट्यांतून कितीतरी बायकांना मोठ्याने बोलायला जमलं. घोषणा शंभर जणींनी एका सुरात द्यायची असते, म्हणून तिच्यात कुणा एकीचं काही नसलं तरी चालतं. कवितेत चालत नाही.

आता शाळेकडे या. नववी-दहावीच्या व्याकरणात अलंकार असतात. ‘पुढील ओळीतील अलंकार ओळखा.’ जणू, सारखा, सम, परी दिसलं की उपमा किंवा उत्प्रेक्षा लिहायचं, गुण घ्यायचा, पुढे जायचं. आमच्या वस्तीतल्या मुलींना दहा अलंकारांच्या व्याख्या पाठ येतात. त्यातला एकही त्यांनी स्वतःच्या तोंडाने वापरून पाहिलेला नसतो. म्हणजे सायकलच्या सगळ्या भागांची नावं पाठ, पण सायकलवर कधी बसलेलीच नाही. नावही बघा काय ठेवलंय, अलंकार! दागिना. मुलीने अंगावर घालून मिरवायची वस्तू. माझ्या मते ही हत्यारं आहेत, घरातल्या विळी-उलथन्यासारखी.

आमच्या गटात एक मुलगी आहे. तिचं नाव, वस्तीचं नाव सांगणार नाही. तिने तिच्या दोन कडव्यांना इथे वाचायला हो म्हटलंय, बाकीच्या वहीला नाही. भेटली तेव्हा पंधरा वर्षांची होती. आई चार घरी धुणंभांडी करते. पहिली कविता अर्थातच आईवर. त्यात सावली होती, मंदिर होतं, सागर होता. मी विचारलं, यातलं तू काय काय पाहिलंयस? सागर तिने पाहिला नव्हता. मंदिरात ती आईबरोबर कधी गेली नव्हती, आईला रविवारीही सुटी नसते. सावली राहिली, तर तिलाच हसू आलं. म्हणाली, “ताई, आई सकाळी सहाला जाते, आठला रात्री येते. सावली कधी पडणार?”

मग मी तिला अभंगाचा साचा दिला. मोठा अभंग म्हणजे सहा, सहा, सहा, चार अक्षरं. जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात यमक. संपलं. संस्कृत वृत्तांसारखे गण पाठ करावे लागत नाहीत, बोटांवर मोजता येतं. शाळेच्या पुस्तकातले अभंग तिने पाठ केले होतेच, पण ते मोजून बघता येतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने एक दुपार नुसती मोजण्यात घालवली. आणि मी तिला जनाबाईची आठवण दिली. नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबणारी बाई, दळण-कांडण करणारी, तिने आपल्या कामाचं जे काही सांगितलं ते अभंगातच सांगितलं. मुलगी म्हणाली, “म्हणजे आमच्या आईसारखीच.” म्हटलं, हो.

चार दिवसांनी तिने दोन चरण आणले. ‘चार घरं झाली, उरलं ना बळ.’ पुढे अडली. बळाला यमक हवं होतं. आम्ही यादी केली. फळ, कळ, तळ, मळ, पळ, जळ, छळ, नळ. मी यादी करत होते तेव्हा ‘छळ’ आल्याबरोबर माझ्या मनात दिवा लागला, हे कबूल करायला हरकत नाही. आपल्या सगळ्यांच्याच मनात लागला असता. राबणारी बाई, अपुरी मजुरी, घरी परत काम, हा छळच आहे की. मी तोंड मिटून बसले. तिने छळ वाचला, पेन्सिलीने खोडला. म्हणाली, आई असं म्हणणार नाही. आणि लिहिलं:

चार घरं झाली
उरलं ना बळ
पाचव्याचा नळ
आमचाच

मला विचाराल तर घरकामगार बाईच्या दुहेरी ओझ्यावर मी एम.एस.डब्ल्यू.ला असताना जे वाचलं, त्यातलं बरंचसं या बावीस अक्षरांत आहे. आपल्या घराला ‘पाचवं’ म्हणण्यात आहे. आणि हे तिला यमकाने दिलं. तिच्या मनात आधी विचार होता आणि मग तिने तो सजवला असं झालं नाही. सहा अक्षरांत बसणारा, ‘ळ’ने संपणारा शब्द शोधताना तिचं लक्ष दारातल्या नळाकडे गेलं. आत्माविष्कार म्हणजे आत काहीतरी तयार असतं आणि झाकण उघडलं की बाहेर येतं, असं आपण समजतो. ‘मोकळी हो, मनातलं लिही’ असं सांगतो. पंधरा वर्षांच्या मुलीला ‘मनातलं लिही’ म्हटलं की ती घाबरते, आणि भाषणातलं लिहून देते. ‘सहा अक्षरं आण’ म्हटलं की शोधायला लागते.

गंमत पुढे आहे. तिने हे आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, “आठला नळाला पाणी कुठं असतंय? साडेसहालाच जातं.” झालं! मुलगी हिरमुसून आली. पिंप लिहिलं तर यमक जातं, नळ ठेवला तर खोटं ठरतं. दोन दिवसांनी तिने नळ ठेवला आणि दुसरं कडवं जोडलं.

गेलं जरी पाणी
पिंपात ते आहे
आई उभी राहे
वाकूनच

‘राहे’ हे आपण बोलताना म्हणत नाही, ते तिने अभंगातून उसनं घेतलंय. घेऊ दे. ‘उभी राहे वाकूनच’ यात काय झालंय ते व्याकरणाच्या पुस्तकात विरोधाभास म्हणून सापडेल. तिला नाव माहीत नव्हतं. तिने आईला पिंपाशी बघितलं होतं.

इथे भाषेचा एक मुद्दा सांगते, कारण शाळेशी आपलं भांडण होणारच आहे. दुसऱ्या एका मुलीने घरच्या बोलीत लिहिलं, ‘व्हतं’, ‘न्हाई’ असं. शिक्षकांनी लाल शाईने सगळं शुद्ध करून दिलं. अक्षरं वाढली, चाल मोडली. त्याच शाळेत बहिणाबाई चौधरी शिकवतात. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, त्यांच्या तोंडच्या कविता घरच्यांनी टिपून ठेवल्या, त्या गेल्या 1951 मध्ये आणि पुस्तक आलं 1952 मध्ये, खानदेशातल्या त्यांच्या बोलीतच. बहिणाबाईंची बोली पाठ्यपुस्तकात चालते आणि पोरीची वहीत चालत नाही, हे कसं? हा प्रश्न आम्ही शाळेत जाऊन विचारला. शिक्षक वाईट नव्हते. आता ते शुद्धलेखनाच्या वहीला लाल शाई लावतात, कवितेच्या वहीला नाही.

तुमच्या गावाकडच्या म्हाताऱ्यांकडेही मुलींना पाठवा. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे, आणि 2017 पासून ‘पारी’ने त्या ऐकायला उपलब्ध केल्या आहेत. त्या ओव्यांत बाई जात्याशी बोलते, देवाशी बोलते, आईला-भावाला उद्देशून बोलते. सासरी ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्याशी सरळ बोलत नाही. आपल्या गटातल्या मुलीनेही आजीकडून ओव्या ऐकल्या आणि मला विचारलं, “आजी सरळ का नाही सांगत?” आजीने सरळ सांगितलं असतं तर काय झालं असतं, यावर मग तासभर चर्चा झाली. पुरुषसत्तेवर आम्ही घेतलेलं ते सगळ्यांत चांगलं सत्र, आणि ते आम्ही ठरवलेलंच नव्हतं.

आडून बोलण्याचे अलंकार मुलींना फार लवकर कळतात. अन्योक्ती समजावताना पुस्तकात ‘लेकी बोले, सुने लागे’ ही म्हण असतेच. म्हणजे हा अलंकार आपल्या घरात रोज ऐकू येतो, फक्त आजवर तो सुनेवर चालवला गेला. अपन्हुती तर माझी लाडकी आहे. ‘हे अमुक नव्हे, तमुकच आहे’ असं म्हणायचं. मी मुलींना सांगते, अभ्यासक्रमात ‘नाही’ म्हणायला शिकवणारी ही एकच जागा आहे, सोडू नका. एकीने लिहिलं, ‘हे घर नव्हे, ही रांग आहे.’ दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं, कोण आधी अंघोळ करणार, कोण कुठे झोपणार, फोन कधी कुणाच्या हातात येणार. त्या खोलीत वही लपवायला जागा नाही. मोबाइलमध्ये लिहिलं तर तो मोबाइल भावाचा. एका भावाने बहिणीची वही वाचली आणि म्हणाला, ढगांवर काय लिहीत बसतेस. ती कविता त्याच्यावरच होती. वही शाबूत राहिली, मुलगी शाळेत राहिली. मुक्तछंदात, सरळ, नाव घेऊन लिहिलं असतं तर काय झालं असतं ते तुम्ही जाणता.

आता अवघड भाग. पडद्याआडून मुली कधी कधी असं काही सांगतात की ते ऐकून आपण गप्प बसू शकत नाही. तेरा वर्षांच्या एका मुलीने कोंबडीवर लिहिलं. कोंबडीला दाणे टाकणाऱ्या हाताची भीती वाटते, असं. वाचताना माझे हात गार पडले. पण कविता हा जबाब नव्हे. भीती कशाचीही असू शकते. मी गटात काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला एकटीला विचारलं, “यावर तुला बोलायचंय का?” ‘तो हात कुणाचा’ असं विचारलं नाही. पुढे काय झालं ते मी इथे सांगणार नाही, ती तिची गोष्ट आहे.

पण कायदा तुम्हाला माहीत हवा. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळतं, किंवा होईल अशी ज्याला शंका येते, त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम 21 खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा ‘तू काहीही लिही, मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन आपल्याला देताच येत नाही. काही कार्यकर्त्या विश्वास मिळवायला ते देतात आणि मग कोंडीत सापडतात, त्यांच्यापेक्षा जास्त मुलगी सापडते. आमच्या गटात वही उघडायच्या आधी, पहिल्याच दिवशी, मी सांगते: तुझी कविता मी कुणाला दाखवणार नाही. पण तुला कुणी इजा करतंय असं मला कळलं तर मी गप्प राहू शकणार नाही, आणि जे करीन ते तुला आधी सांगून करीन. 1098 हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेते. यामुळे मुली लिहायच्या थांबतात का? नाही थांबत. काय लिहायचं आणि कधी, हे त्या ठरवून लिहितात.

आणि आपल्या अहवालांबद्दल. निधी देणाऱ्या संस्थांना मुलींच्या कविता फार आवडतात. फोटोच्या बाजूला चार ओळी, खाली नाव आणि इयत्ता. कृपा करून हे बंद करा. मुलगी सोळाची असताना ‘हो’ म्हणते, अठराव्या वर्षी सासरचं कुणीतरी ते पान दाखवतं. नाव काढलं तरी वस्तीत ओळखू येतं. आमच्याकडे एका लोखंडी कपाटाचा एक कप्पा वह्यांसाठी आहे. त्याची किल्ली मुलींच्या गटाकडे असते, आमच्याकडे नाही. अहवालात आम्ही लिहितो, किती मुली नियमित लिहितात. कविता जोडत नाही.

वेळ संपत आलीय. चहानंतर आपण गटात बसणार आहोत तेव्हा प्रत्येकीने एक कडवं करायचंय. सहा, सहा, सहा, चार. दुसऱ्या-तिसऱ्याला यमक. विषय, आज सकाळी घरातून निघताना शेवटी ज्या वस्तूला हात लावलात ती. ‘सबला’ हा शब्द चालणार नाही. बोटांवर मोजायला लाजू नका, आमच्या मुलीही तशाच मोजतात.