अर्ध्या वाटेवरून पदवीकडे : नर्सिंगच्या शिक्षणातल्या अडलेल्या पायऱ्या

(स्त्रिया, आरोग्य आणि शिक्षण या विषयावरील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा लिखित मजकूर.)

मला दिलेला विषय ऐकायला फार सरकारी वाटतो. नर्सिंगचं काही शिक्षण आधीच झालेल्या बाईला विद्यापीठाच्या पदवीला प्रवेश कसा मिळतो आणि शिकता शिकता कॉलेज बदलायची वेळ आली तर काय होतं, हा तो विषय. तुमच्यापैकी काहींना वाटेल, हा तर अर्ज भरण्याचा प्रश्न. यात स्त्रियांच्या चळवळीनं बोलण्यासारखं काय आहे?

मी समुपदेशन केंद्रात काम करते. मारहाणीची, सोडचिठ्ठीची, पोटगीची प्रकरणं घेऊन बायका येतात. त्यात परिचारिका आणि नर्सिंग अर्ध्यावर सुटलेल्या मुली बऱ्याच असतात. पहिल्या दोन-तीन भेटींत त्या नवऱ्याबद्दल बोलतात. चौथ्या भेटीत हळूच विचारतात, "ताई, माझं शिक्षण पुरं होईल का?" बाईला घर सोडायचं असो की घरात राहून मान मिळवायचा असो, हा प्रश्न खरा असतो. त्याचं उत्तर आपल्यापाशी असायला हवं.

आधी या शिक्षणाची शिडी समजून घेऊ. सगळ्यांत खाली एएनएम, 2 वर्षांचा अभ्यासक्रम. गावच्या उपकेंद्रात आपल्याला भेटते ती नर्सबाई बहुधा हेच शिकलेली असते. त्याच्या वर जीएनएम, 3 वर्षांचा डिप्लोमा. मग विद्यापीठाची पदवी. तिचे दोन रस्ते आहेत. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेतलेल्या मुलीसाठी 4 वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग, आणि जीएनएम पुरं करून नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झालेल्या बाईसाठी 2 वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग. या दुसऱ्या रस्त्याला बारावी लागते, पण शाखा कोणतीही चालते. कला शाखेची बारावी झालेली बाईसुद्धा जीएनएमच्या वाटेनं पदवीपर्यंत जाऊ शकते, हे फार जणींना माहीतच नसतं.

शिडी दिसायला सरळ आहे, पण तिच्या पायऱ्या सारख्या अंतरावर नाहीत. एएनएम झालेली, कौन्सिलकडे नोंदलेली बाई जीएनएमला अर्ज करू शकते. मात्र तिनं 10 वर्षं बाळंतपणं केलेली असली तरी त्यापायी 3 वर्षांतलं एक वर्षही कमी होत नाही. जीएनएम दोन वर्षं शिकून सोडलं, तर त्या दोन वर्षांच्या बळावर बी.एस्सी.च्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाला बसता येत नाही. जीएनएमची परीक्षा वेगळ्या मंडळाची आणि पदवी विद्यापीठाची. पदवीच्या दारात पुरा डिप्लोमा चालतो, अर्धा चालत नाही. म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की जीएनएमच्या शेवटच्या वर्षात असलेल्या मुलीचं लग्न ठरत असेल, तर तारीख परीक्षेनंतरची धरायला घरच्यांना भाग पाडा. चार-सहा महिन्यांच्या घाईपायी तीन वर्षं पाण्यात जातात.

आता कॉलेज बदलण्याबद्दल. पहिलं वर्ष पार पडतं, मग लग्न होतं, नवऱ्याची बदली होते, बाप वारतो किंवा वसतिगृहात राहणं अशक्य होतं. मुलगी म्हणते, मला दुसऱ्या गावच्या कॉलेजात जागा द्या. तिथं जागा रिकामी असायला हवी. दोन्ही कॉलेजांचं ना हरकत पत्र हवं आणि विद्यापीठाची परवानगी हवी. विद्यापीठ तेच असेल तर निदान अर्ज कुठं करायचा ते तरी कळतं. आपल्या राज्यात नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 साली स्थापन झालं आणि आरोग्य शिक्षणाचा मोठा पसारा एका छताखाली आला. पण मुलगी कर्नाटकातून किंवा मध्य प्रदेशातून लग्न होऊन आली असेल, तर विद्यापीठ वेगळं, अभ्यासाची मांडणी वेगळी, आणि काम फार अवघड होऊन बसतं.

यातली एक अडचण खरी आहे, ती मान्य केली पाहिजे. नर्सिंग नुसतं पुस्तकातून शिकता येत नाही. लेखी तासांना निदान 80 टक्के हजेरी लागते आणि वॉर्डातल्या प्रात्यक्षिकाचे तास तर पदवी मिळण्याआधी 100 टक्के भरावे लागतात. ही अट योग्यच आहे. उद्या आपल्याला सलाईन लावणारीचा हात शिकलेला हवा. पण याच अटीमुळे मुलीचं लॉगबुक, केस बुक आणि तासांचा दाखला हे तिचं धन ठरतं. कोणत्या वॉर्डात किती तास केले याची सही-शिक्क्याची नोंद नसेल, तर नवं कॉलेज ते तास धरणार नाही. म्हणून प्रत्येक सत्राअखेर या नोंदींची झेरॉक्स काढून घरी ठेवायची. बाळंतपणात राहिलेले तास नंतर भरून काढायचे असतील, तर कसे आणि कधी भरायचे हे कॉलेजकडून लेखी घ्यायचं. तोंडी आश्वासन प्राचार्यांबरोबर निघून जातं.

दुसरी अडचण मात्र खरी नाही, ती मुद्दाम उभी केलेली आहे. एका खासगी कॉलेजानं आमच्याकडे आलेल्या मुलीला सांगितलं, उरलेल्या वर्षांची फी भर, मगच दहावी-बारावीची मूळ कागदपत्रं मिळतील. बाप शेतमजूर. मुलीचे दागिने सासरच्यांनी ठेवून घेतलेले. कागद अडकले म्हणजे मुलगीच अडकली. मैत्रिणींनो, विद्यापीठ अनुदान आयोगानं ऑक्टोबर 2018 मध्ये अधिसूचना काढून विद्यापीठांना आणि त्यांच्या कॉलेजांना मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवायला मनाई केली आहे. प्रवेशाच्या वेळी कागद तपासायचे आणि परत द्यायचे. आम्ही त्या अधिसूचनेचा उल्लेख करून पत्र दिलं, पोच घेतली आणि एक प्रत विद्यापीठाला पाठवली. तीन आठवड्यांनी कागद मिळाले. हात जोडून विनंती करणं आणि पोच घेऊन मागणी करणं यात हा एवढा फरक असतो.

तिसरी अडचण आपल्या समाजानंच घालून ठेवली आहे. ती म्हणजे नाव. दहावीच्या दाखल्यावर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. आधार कार्डावर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. काही घरांत तर लग्नात बाईचं स्वतःचं नावही बदलतात. कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावानं, नोकरीचा अनुभव दाखला सासरच्या नावानं. प्रवेशाच्या टेबलावरचा माणूस विचारतो, "या तिघी कोण?" तिघी एकच आहेत हे सिद्ध करायला विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रातली नावबदलाची जाहिरात आणि प्रतिज्ञापत्र लागतं. जातीचा दाखला आणि पडताळणी माहेरच्या कागदांवरूनच होते. नॉन-क्रिमीलेअरसाठीही आई-वडिलांची परिस्थिती पाहतात, नवऱ्याची नाही. हे ठाऊक नसल्यानं बायका नवऱ्याच्या उत्पन्नाचा दाखला घेऊन महिनाभर हेलपाटे घालतात. सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे लग्नानंतर नाव न बदलणं. कायद्यानं तशी सक्ती कुठंच नाही.

नोकरी करणाऱ्या परिचारिकेची कथा आणखी वेगळी. बारा वर्षं नोकरी केलेली, 36 वर्षांची एक बाई पोस्ट बेसिकला अर्ज करायला गेली. रोज रात्रपाळीत ती एकटी अख्खा वॉर्ड सांभाळते. अर्जात 'पालकाची सही' असा रकाना होता. कारकून म्हणाला, "मिस्टरांची सही आणा." ती आमच्याकडे आली. आम्ही तिला एवढंच सांगितलं, त्या रकान्यात 'अर्जदार सज्ञान आहे' असं लिही आणि खाली स्वतःची सही कर. अर्ज स्वीकारला गेला.

अशा बाईनं रजेचा विचार आधी करावा. सरकारी सेवेत असेल तर अध्ययन रजा किंवा प्रतिनियुक्ती मिळते का, हे खात्याकडे लेखी विचारावं. खासगी दवाखान्यात बहुधा राजीनामा द्यावा लागतो. तेव्हा अनुभवाचा दाखला हातात पडल्याशिवाय राजीनामा देऊ नये. नोकरी सोडणं शक्यच नसेल, तर सेवेतल्या परिचारिकांसाठी इग्नूनं चालवलेला 3 वर्षांचा पोस्ट बेसिक अभ्यासक्रम आहे. त्याची त्या वर्षीची जाहिरात पाहावी. दुसऱ्या राज्यात नोंदणी झालेली असेल, तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी वळवायला वेळ लागतो. ते काम अर्जाच्या कितीतरी आधी सुरू करावं.

एवढा खटाटोप कशासाठी? पदवी असली की शिकवण्याची नोकरी आणि पुढं एम.एस्सी.चं दार उघडतं. पगाराचंही आहेच. जानेवारी 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या वेतनाचा प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवायला सांगितलं. 50 पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही महिना 20,000 रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, अशी शिफारस त्या समितीनं केली. आपल्या तालुक्याच्या गावात ही शिफारस किती ठिकाणी पाळली जाते, ते तुम्हीच सांगा. कमी शिकलेली आणि घरातून एकटी पडलेली परिचारिका मालकाला स्वस्त पडते. तिची शिडी अडून राहण्यात कुणाचा तरी फायदा आहे.

हा लढा आपल्याकडे नवा नाही. पुण्याच्या सेवासदनातून रमाबाई रानडे यांनी ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी बायका पाठवल्या, तेव्हा परपुरुषाला हात लावायचा, विटाळ काढायचा म्हणून लोकांनी नाकं मुरडली. पदवीचं शिक्षण 1946 साली दिल्ली आणि वेल्लोर इथं सुरू झालं. मुंबईत 1964 साली एसएनडीटी महिला विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज निघालं. दारं उघडली, पण उंबरठे उंचच राहिले.

शेवटी, आपण काय करू शकतो? प्रत्येक केंद्रात एक फाईल ठेवा. त्यात प्रवेशाची त्या वर्षीची माहितीपुस्तिका, कागदांची यादी, प्रमाणपत्रांबाबतची 2018 ची अधिसूचना आणि फी-माफीचा जुलै 2024 चा शासन निर्णय असू द्या. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी त्यानं माफ केली आहे. मात्र प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. म्हणून एजंटाच्या हातात पैसे देण्याआधी मुलीनं आपल्याकडे यावं, असा विश्वास तिला वाटला पाहिजे. पदवी झालेल्या परिचारिकांना बोलवा. आपले कागद कसे जुळवले, हे त्यांच्याइतकं नीट कुणी सांगू शकत नाही.

आणि एक मागणी सगळ्यांनी मिळून करू. संसदेनं 2023 मध्ये नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा नवा कायदा केला. नव्या व्यवस्थेत एएनएमचा अनुभव आणि जीएनएमची पुरी झालेली वर्षं पुढच्या शिक्षणात मोजली जावीत आणि लग्न, बाळंतपण किंवा हिंसाचारामुळे गाव सोडावं लागलेल्या विद्यार्थिनीला कॉलेज बदलण्याचा हक्क असावा. बाईचं शिक्षण तिच्याबरोबर गावोगाव जाऊ शकलं पाहिजे. ही सवलत म्हणून मागायची गोष्ट नाही. तिनं वॉर्डात उभं राहून भरलेले तास तिचे आहेत.