बिनतारी नाताळ

बंगळूरहून होसूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर ही दोन खेडी. तेथील सुमारे ३३५ एकर जमिनीवर १९७८ साली केऑनिक्स या सरकारी महामंडळाने इलेक्ट्रॉनिक सिटी वसविण्यास प्रारंभ केला. आर. के. बाळिगा यांची ती कल्पना. आज तेथे नाताळच्या सुमारास काचेच्या उंच इमारतींवर दिव्यांच्या माळा झगमगतात, दारांवर कागदी चांदण्या लटकतात, आणि पुण्या-नागपुराहून आलेल्या मराठी बिऱ्हाडांतील मुलेही केक मागू लागतात. ज्या विद्येवर या नगरीचा प्रपंच चालतो, तिच्या बालपणीची एक कथा नाताळचीच आहे. ती गोड आहे. आणि ती पूर्णपणे खरी आहे की नाही, याचा निकाल अद्याप लागलेला नाही.

कथेचा नायक रेजिनाल्ड फेसेन्डेन. जन्म १८६६ चा, कॅनडातला. मार्कोनीच्या बिनतारी यंत्रातून ठिणग्या उडत. त्यांच्या तुटक लहरींवर तारेचे कट्ट-कड कट्ट पाठविता येई, पण माणसाचा आवाज नाही. आवाज वाहून न्यायचा तर लहर अखंड हवी, हा फेसेन्डेनचा आग्रह. २३ डिसेंबर १९०० रोजी पोटोमॅक नदीतील कॉब बेटावरून त्याने सुमारे एक मैलावरील आपल्या साहाय्यकास बिनतारी यंत्रातून तोंडी विचारले की, तुमच्याकडे बर्फ पडते आहे काय? मानवी वाणी तारेवाचून गेली ती या हवापाण्याच्या चौकशीने! पुढे मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर ब्रँट रॉक येथे त्याने ४०० फुटांहून उंच मनोरा उभारला, आणि सेकंदाला सुमारे ५०,००० आवर्तनांचा विद्युत्प्रवाह निर्माण करणारे यंत्र मिळविले. आवाज झेलणारा ध्वनिग्राहक त्याने आकाशतारेच्या वाटेतच बसविला होता. त्यातून एवढा प्रवाह जाई की तो तापून निघे.

त्या ठिकाणाहून २४ डिसेंबर १९०६ च्या रात्री जहाजांवरील तारायंत्रचालकांना कट्ट-कड ऐवजी मनुष्याचा शब्द ऐकू आला, असे सांगतात. प्रथम फेसेन्डेनचे चार शब्द, मग फोनोग्राफवर हँडेलची रचना, मग त्याने स्वतः वाजविलेले व्हायोलिन, आणि त्याच नाताळगीताचे थोडे गायन. गाणे फारसे चांगले झाले नाही, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. बायबलातील जन्मकथेचा भाग पत्नी हेलन आणि कचेरीतील एक बाई वाचणार होत्या. परंतु यंत्रापुढे उभ्या राहताच दोघींची वाचा बसली, आणि अखेर तेही काम त्यालाच करावे लागले, असे ही कथा पुढे सांगणारे म्हणतात. नभोवाणीच्या कोणत्याही केंद्रावर पहिल्यांदा बोलावयास बसलेल्या माणसाला या प्रसंगाचे स्पष्टीकरण लागणार नाही.

आता प्रश्न असा की, या रात्रीचा पुरावा कोणता? पुरावा एकच, आणि तो खुद्द कर्त्याच्याच लेखणीचा. जानेवारी १९३२ मध्ये फेसेन्डेनने एका जुन्या सहकाऱ्यास पत्र लिहिले, त्यात ही हकीकत आहे. म्हणजे घटनेनंतर पंचवीस वर्षांनी. आणि त्याच वर्षी जुलैत बर्म्युडा बेटावर त्याचा अंत झाला. २००६ साली, शताब्दीच्या उंबरठ्यावर, जेम्स ओ'नील या अभ्यासकाने जुनी वृत्तपत्रे आणि नोंदी धुंडाळल्या. समुद्रावर गाणे ऐकल्याची एकाही जहाजाच्या रोजनिशीतील नोंद त्यास आढळली नाही.

मग सारे खोटेच म्हणावे काय? तसे म्हणणे घाईचे होईल. त्याच आठवड्यात, २१ डिसेंबर रोजी, ब्रँट रॉकहून सुमारे ११ मैलांवरील प्लिमथपर्यंत भाषण आणि ध्वनिमुद्रिकेचे संगीत पोचविल्याचे प्रात्यक्षिक साक्षीदारांसमक्ष झाले होते, आणि त्याचा वृत्तांत पुढच्याच महिन्यात एका व्यावसायिक नियतकालिकात छापून आला. अर्थात यंत्र होते, संगीत होते, शक्तीही होती. वृद्ध माणसाच्या स्मरणात २१ तारखेची २४ झाली असेल. किंवा त्या रात्री खरोखरच व्हायोलिन वाजले असेल आणि ऐकणाऱ्याला ते रोजनिशीत कोणत्या सदराखाली लिहावे हेच उमगले नसेल. दप्तराची सवय असलेल्या माणसाला दुसरी शक्यता अगदी अशक्य वाटत नाही. ज्या गोष्टीला रकाना नाही, ती गोष्ट पुष्कळदा लिहिलीच जात नाही. तरीही नोंद नाही तोवर ती रात्र इतिहासात अर्जदारासारखी बाहेर बसूनच राहणार. ज्याने १९११ मध्ये भांडवलदारांशी बेबनाव होऊन आपले केंद्र गमावले, त्याच्या वाट्याला हेही यावे, याचे वाईट मात्र वाटते.

घरगुती उत्साहातून झालेल्या ध्वनिक्षेपणाचे निर्विवाद उदाहरण हवे असेल, तर अमेरिकेस जाण्याचे कारण नाही. इलेक्ट्रॉनिक सिटीहून म्हैसूर सुमारे दीडशे किलोमीटरवर. तेथील महाराजा कॉलेजात मानसशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १० सप्टेंबर १९३५ रोजी ‘विठ्ठल विहार’ या आपल्या राहत्या घरी अवघ्या ३० वॅट शक्तीच्या यंत्रावर केंद्र सुरू केले. प्रारंभी खर्च पदरचा. त्या केंद्राचे नाव ‘आकाशवाणी’. तेच पुढे साऱ्या देशाच्या नभोवाणीने घेतले. नाव नेमके कोणास सुचले, याबद्दल मात्र तेथेही दोन मते आहेतच! हे केंद्र १९५० मध्ये ऑल इंडिया रेडिओकडे आले आणि १९५५ च्या नोव्हेंबरात बंगळूरला हलले.

इलेक्ट्रॉनिक सिटीतील एखाद्या कुटुंबाने नाताळच्या रात्री शेजारपाजाऱ्यांसाठी चार कथा आणि दोन गाणी आकाशमार्गे सोडावयाचे मनात आणले, तर त्यास हातातला दूरध्वनी पुरेल. रेडिओच्या लहरींचे तसे नाही. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ठरविले. सामुदायिक रेडिओचे धोरण २००६ मध्ये विस्तारले. त्यातील शक्तीची नेहमीची मर्यादा १०० वॅट, आणि परवाना मिळतो तो संस्थेला, व्यक्तीला किंवा कुटुंबाला नाही. नुसत्या शक्तीच्या हिशेबाने पाहिले, तर म्हैसूरच्या प्राध्यापकांचे ते यंत्र या मर्यादेत सहज बसते. अर्ज मात्र त्यांना संस्था स्थापून, तिच्या नावानेच करावा लागला असता.